निरोप तोच, पण सांगणारा समोर हवा

वर एकानं लिहिलंय की निरोप एकच असेल तर तो एकाला सांगा नाहीतर अख्ख्या गावाला, फरक काय पडतो. मला हे अजिबात पटत नाही. २०१९ चा कोल्हापूरचा महापूर आठवा, राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी कधीच ओलांडलेली, रेडिओवर, व्हॉट्सॲपवर, स्पीकरच्या गाडीवर सगळीकडं एकच की घरं सोडा, आणि चिखलीतली आमची आत्ती दारात उभी राहून म्हणतेय २००५ ला पाणी उंबऱ्यापर्यंत येऊन परत गेलं, मी काय हलत नाही. शेवटी शेजारचा पोरगा आला. तिच्याकडं जरा बघितलं आणि एवढंच म्हणाला, "आत्ती, म्हशीचं काय करायचं ते आधी सांगा." ती रडायलाच लागली. जीव म्हशीत अडकलेला, हे स्पीकरला कुठनं कळणार? त्यानं दावं सोडलं, म्हैस घेऊन पुढं झाला, मागनं ही.

समोरासमोर उत्तर तिथल्या तिथं मिळतं, चेहऱ्यावरनं सुद्धा, म्हणून आपण बोलता बोलता वाक्य बदलतो. रेडिओवाल्याला ते जमत नाही. फोनवर निदान आवाज तरी असतो, मेसेजमध्ये तोही नाही.

आणि बोलण्यातनं जे पोचतं त्यात ५५ टक्के देहबोली, ३८ टक्के आवाज, ७ टक्के शब्द असं जे सांगतात ना, ते प्लीज सगळ्या बोलण्याला लावू नका. ते आकडे ज्यातनं आले ते मानसशास्त्रज्ञ मेहराबियन यांचे १९६७ चे प्रयोग फक्त आवड-नावड कशी कळते एवढ्यापुरते होते, तेही सुटे शब्द घेऊन. आत्तीला त्या दिवशी हलवलं ते त्या पोराच्या शब्दांनीच.