‘लेओम’ला मराठीत काय म्हणावं : राष्ट्रीयत्व, जात की समाज?

अष्टागर : आत्याच्या जुन्या कागदपत्रांचं मराठी करतोय. घरातल्या पुढच्या पिढीसाठी एक वही करायची आहे, बाकी कुठे द्यायचं नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. आत्या १९६६ साली अलिबागकडून इस्रायलला गेली. तिच्या इथल्या शाळेच्या दाखल्यावर ‘राष्ट्रीयत्व : भारतीय’ आणि ‘जात : बेने इस्राएल’ असं आहे. तिथल्या जुन्या ओळखपत्रावर हिब्रूत ‘लेओम’ असा रकाना आहे, त्यापुढे ‘येहुदी’. कोशात लेओम म्हणजे राष्ट्र, म्हणून मी ‘राष्ट्रीयत्व : यहुदी’ लिहिलं. चुलतभाऊ म्हणतो, चूक, राष्ट्रीयत्व इस्रायली हवं. पासपोर्टवर इंग्रजी ‘नॅशनॅलिटी’पुढे खरोखरच इस्रायली छापलंय. पण तिथला हिब्रू शब्द लेओम नाही, ‘एझ्राहूत’ आहे, म्हणजे नागरिकत्व. दोन वेगळ्या गोष्टींना आपल्याकडे एकच शब्द कसा चालवायचा?

मुद्रितशोधक : ‘वांशिकता’ लिहा. वर्तमानपत्रांनी एथनिकसाठी ‘वांशिक’ कधीच पक्का केलाय. रूढ शब्द असताना नवा शोधू नये.

शब्दवेडी : रूढ असला तरी इथे खटकतो. वंश म्हटलं की वंशावळ, वंशाचा दिवा हेच डोळ्यांपुढे येतं. शिवाय यहुद्यांच्या कागदावर ‘वंश’ हा शब्द लिहिताना हात थांबायला हवा, विसाव्या शतकात त्या शब्दानं काय केलं ते आपण जाणतो. कोकणात या मंडळींना ‘शनवार तेली’ म्हणत. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून. शेजाऱ्यांनी ओळख ठरवली ती कामावरून आणि सुट्टीच्या वारावरून, वंशावरून नाही.

मी सरळ ‘जात’ लिहीन. लॅटिनमधला ‘नातिओ’, ज्यातून नेशन आला, तो जन्मणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलाय, आणि त्याचं मूळ आपल्या ‘जन्’ धातूशी एक आहे. म्हणजे जात आणि नेशन सख्ख्या नाहीत तरी चुलतबहिणी नक्की. बंगालीत तर राष्ट्रगीताला ‘जातीय संगीत’च म्हणतात.

पूर्वेकडचा : बंगालीचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. मी काही वर्षं बंगाली शिकवलं आहे, म्हणून लिहितो. बांगलादेशच्या संविधानात २०११च्या दुरुस्तीपासून असं आहे : जनता ‘जाती’ म्हणून बंगाली आणि नागरिक म्हणून बांगलादेशी. म्हणजे अष्टागर यांना हवे असलेले दोन्ही रकाने एकाच वाक्यात. पण त्या वाक्यानं चटगावच्या डोंगरी भागातल्या लोकांचं काय होतं ते पाहा. १९७२ साली संविधान सभेत सगळ्या नागरिकांना बंगाली म्हणायचं ठरलं, तेव्हा मानवेंद्र नारायण लारमा यांनी विरोध केला. ते चाकमा, म्हणजे त्याच डोंगरी भागातल्या एका आदिवासी समाजाचे. बांगलादेशचा नागरिक म्हणवून घ्यायला त्यांची हरकत नव्हती, बंगाली म्हणवून घ्यायला होती. चाकमा माणसानं ‘जाती’च्या रकान्यात काय लिहावं, याचं समाधानकारक उत्तर त्या वाक्यात अजूनही नाही. शब्द सापडला की प्रश्न मिटतो, असं मानू नये.

अष्टागर : शब्दवेडीताई, ‘जात’ मला लिहिता येणार नाही. कारण सांगतो. १९६०नंतर तिथल्या धर्मपीठानं सूचना काढली होती की बेने इस्राएलांचं लग्न बाहेरच्या यहुद्यांशी लावण्याआधी आईकडच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात. शंका अशी की ही कोकणातली माणसं शतकानुशतकं एकटी राहिली, मग यांच्यात कोण कोण मिसळलं असेल? १९६४च्या उन्हाळ्यात आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. शेवटी ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेत, क्नेसेटमध्ये, ठरलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत आणि त्यांचे हक्क इतरांइतकेच. आत्या गेली ती यानंतर दोनच वर्षांनी. त्या रकान्यातलं ‘येहुदी’ आमच्या घरात भांडून मिळवलेलं मानतात. तिथे ‘जात’ लिहिलं, तर ज्या चौकशीविरुद्ध भांडलो तीच मी मराठीत लिहून ठेवल्यासारखं होईल.

मुद्रितशोधक : हे माहीत नव्हतं. ‘जात’ नको, मान्य. चुलतभावाबद्दल मात्र एक. २०१३ साली इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानं लोकसंख्येच्या नोंदवहीत लेओम ‘इस्रायली’ असं लिहू द्यावं ही मागणी फेटाळली. म्हणजे लेओमच्या पुढे ‘इस्रायली’ तिथल्या कायद्यालाच चालत नाही. २००५पासून तर ओळखपत्रावर त्या जागी नुसत्या फुल्या छापायला लागले.

पोर्ट लुईसहून : आमच्या मॉरिशसचं सांगते, उपयोग झाला तर बघा. आमचे खापरपणजोबा मजूर म्हणून इथे आले. आम्ही मराठी. पण घरात क्रिओल, म्हणजे इथली फ्रेंचमधून घडलेली भाषा, बोलतो; मराठी मी शाळेत शिकले. इथे ‘मराठी’ हे भाषेचं नाव कमी आणि समाजाचं जास्त. तमिळ, तेलुगू तसंच. संविधानात मात्र चारच गट आहेत : हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि उरलेले सगळे ‘जनरल पॉप्युलेशन’. कोण कशात, ते माणसाच्या जगण्याच्या रीतीवरून ठरवायचं असं लिहिलंय. मी ‘समाज’ लिहीन. भारतातून कुणी आलं की विचारतं, ‘मराठी ना, मग मराठी नीट का येत नाही?’ त्या प्रश्नाचं मला फार वाईट वाटतं. गणेश चतुर्थीला नदीवर आमचा गणपती असतो, तेव्हा कुणी व्याकरण विचारत नाही.

घाटावरचा : ‘समाज’ म्हणजे सोसायटीही आणि ज्ञातीही, फार ढिला शब्द. मी तर म्हणतो, आधी ‘राष्ट्र’ आणि ‘देश’ यांचा घोळ सोडवा. माझ्या कोकणातल्या आजीसाठी देश म्हणजे घाट चढून गेल्यावर लागतो तो. ‘मामा देशावर असतात’ म्हणायची, मामा होते साताऱ्यात. भारताला तिच्याकडे शब्दच नव्हता, क्वचित ‘हिंदुस्थान’. आणि आडनाव ‘परदेशी’ असलेली किती घरं पिढ्यान्‌पिढ्या आपल्यातच आहेत! उत्तरेकडून आले म्हणून परदेशी, आणि बोलतात आपल्यासारखं मराठी.

शब्दवेडी : जुना ‘हिंदी’ विसरू नका. माझ्या आजोबांच्या १९३८च्या कागदावर राष्ट्रीयत्व ‘हिंदी’ आहे. नात विचारत होती, आजोबा हिंदी बोलायचे का? ऐंशी वर्षांत शब्द देशाकडून भाषेकडे गेला.

गोदाकाठ : राष्ट्र हा शब्द संस्कृतात मुख्यतः राज्याचा, सत्तेचा आहे, लोकांचा कमी. जोतीराव फुल्यांनी नेशनसाठी ‘एकमय लोक’ म्हटलं, ते उगीच नाही. जातीजातींत तुटलेली माणसं एकमय झाल्याशिवाय नेशन कसलं, हा त्यांचा सवाल होता. त्यांनी राज्य धरलं नाही, माणसं धरली. लेओमला ‘लोक’ का नको? ‘लोक : यहुदी’. साधा, स्वच्छ, आपला शब्द.

मुद्रितशोधक : रकान्याचं नाव म्हणून ‘लोक’? एका माणसाच्या ओळखपत्रावर? वाचणाऱ्याला छपाईची चूक वाटेल.

गोदाकाठ : वापरला की सवय होते. ‘वांशिक’ची झाली ना?

पूर्वेकडचा : फुल्यांचे ‘एकमय लोक’ अजून व्हायचे होते. ओळखपत्रावरचं लेओम जन्मताच चिकटतं. दोन्हींना एक शब्द दिलात तर फुल्यांचं म्हणणंच बुडतं.

अष्टागर : काल आत्याला फोन लावला. दक्षिण इस्रायलमधल्या दिमोनात असते, वय ८१. मराठी अजून तशीच, शेवटी हेल काढणारी. विचारलं, लेओमला तू काय म्हणशील? म्हणाली, ‘तिकडं आम्ही यहुदी होतो, हिकडं आल्यावर होदी झालो.’ होदी म्हणजे भारतीय. मग म्हणाली, ते राहू दे, दाखल्यावर माझं जन्मगाव बरोबर लिहिलंय का ते आधी बघ, मास्तरांनी रेवदंडा लिहिलं होतं, मी चौलची. दाखला काढून पाहिला. रेवदंडाच लिहिलंय. वहीत तळटीप देऊन दुरुस्त करतोय. लेओमची जागा सध्या कोरी ठेवलीय.

घाटावरचा : चौल की चेऊल? आडनाव तर चेऊलकर असतं.

शब्दवेडी : चेऊल जुनं. तिथले लोक काय म्हणतात ते लिहावं.

गोदाकाठ : तिथले दोन्ही म्हणतात. माझं आजोळ आहे तिथलं, उद्या सविस्तर लिहितो.