पुढच्या अंगणाचं काँक्रीट: सीलर उतरवल्याशिवाय रंग चढणार नाही

प्रेषक: सभागृह समिती
मंडळी,
अंगणाला ॲसिड स्टेनने रंग देऊन त्यात रांगोळीची नक्षी कोरून घ्यायचा विचार आहे, म्हणून शनिवारी अंगणात पाणी शिंपडून पाहिलं. बहुतेक ठिकाणी ते लगेच मुरलं आणि काँक्रीट गडद झालं. दारासमोरच्या दोन चौकोनांवर मात्र थेंब तसेच उभे राहिले. म्हणजे तिथे सीलर, म्हणजे पाणी मुरू न देणारं द्रव्य, लावलेलं आहे. ॲसिड स्टेन हा वरून द्यायचा रंग नाही. त्यातले लोह, मँगनीज, तांबं यांचे क्षार काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी संयोग पावतात आणि तेव्हा कुठे रंग धरतो. मध्ये सीलर असला तर स्टेन वरच सुकणार आणि धुताना निघून जाणार. कोणता सीलर होता, कधी लावला, ज्यांना माहीत असेल त्यांनी आजच लिहावं. ठेकेदाराला गुरुवारी उत्तर द्यायचं आहे आणि काम गणपतीच्या आत व्हायला हवं.

प्रेषक: माजी खजिनदार
पावती सापडली. त्यावर "काँक्रीट सीलर, पाच गॅलन" एवढंच आहे, प्रकार लिहिलेला नाही. तेव्हा अंगण मंडप समितीकडे होतं, खर्च त्यांच्याच खात्यातून गेला. त्यांना विचारा.

प्रेषक: मंडप समिती
हो, आम्हीच लावला, आणि विचार करून लावला. दिवाळीत पणत्यांचं तेल मुरायचं, विसर्जनाच्या दिवशी गुलाल बसायचा, ते डाग पुढच्या वर्षापर्यंत जायचे नाहीत. सीलर लावल्यापासून तेल नुसत्या फडक्याने निघतं. सुकल्यावर चकाकी नव्हती, आधीसारखंच दिसत होतं. तो उतरवायचा निर्णय आम्हाला न विचारता होऊ नये. आणखी एक, मंडपाच्या खांबांचे अँकर याच अंगणात आहेत. कोरीव काम त्यांच्यावरून जाता कामा नये.

प्रेषक: नाना
मंडप समितीने दिलेली माहिती सगळ्यात मोलाची आहे. चकाकी नव्हती, म्हणजे बहुधा आत मुरणारा सिलेन-सिलॉक्सेन सीलर असणार. वर थर धरणारा ॲक्रिलिक असता तर ओला झाल्यासारखा गडदपणा किंवा चमक दिसली असती.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ॲक्रिलिक रिमूव्हरने सुटतो. (मिथिलीन क्लोराईडवाला रिमूव्हर शोधत बसू नका. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, ईपीएने, २०१९ मध्येच घरगुती ग्राहकांना त्याची विक्री बंद केली. सोयाबीनचा चालेल, पण त्याचा तेलकट अंश साबणाने घासून पूर्ण काढावा लागतो, नाहीतर रंग पुन्हा अडतो.) मुरलेला सिलेन मात्र रिमूव्हरला दाद देत नाही. काँक्रीटचा वरचा थर घासूनच तो काढावा लागतो. आणि घासलं की आतली वाळू, बारीक खडी उघडी पडते. मग त्या दोन चौकोनांवर स्टेन वेगळाच दिसणार.

ठेकेदाराला फोन करण्याआधी त्या चौकोनांच्या कोपऱ्यात थोडं झायलीन (एक तीव्र सॉल्व्हंट) टाका. जागा चिकट झाली तर सॉल्व्हंटचं ॲक्रिलिक. काहीच झालं नाही तर माझा अंदाज बरोबर असण्याची शक्यता जास्त.

आणि कोणीही "आधी म्युरिॲटिक (हायड्रोक्लोरिक) ॲसिडने धुऊन घेऊ" म्हणू नये. त्या ॲसिडने नेमका तोच चुना खर्ची पडतो, जो आपल्याला रंगासाठी हवा आहे.

प्रेषक: रांगोळी गट
नाना, मग ॲसिडऐवजी पाण्यात कालवलेल्या रंगाचा, म्हणजे पाण्याचा स्टेन घेतला तर? आम्हाला कुंकवाचा लाल आणि मोरपंखी हवाच आहे. ॲसिड स्टेनच्या पत्रिकेत तपकिरी, अंबर, काळपट आणि एक हिरवट निळा, बस. ठिपक्यांची रांगोळी कोरायची आणि पाकळ्या तपकिरी? मन मानत नाही.

प्रेषक: नाना
पाण्याच्या स्टेनलाही मुरायला जागा लागते. सीलरवर तोही बसणार नाही, म्हणून मूळ प्रश्न तसाच राहतो. पण रंगांबाबत तुमचं म्हणणं पटतं. ॲसिडमधला हिरवट निळा तांब्याचा असतो. खालून ओल आली की तो काळा-तपकिरी पडतो, उघड्या अंगणात तो घेऊच नये. जमीन तपकिरी ॲसिड स्टेनची आणि पाकळ्या पाण्याच्या स्टेनच्या, असं करता येईल. कोरलेली खाच दोन रंगांमध्ये बांधासारखी राहते, रंग एकमेकांत फार पसरत नाहीत. फक्त रेषा राखाडी हव्या असतील तर त्या भागात आधी स्टेन, मग कोरणं. खाच स्टेनच्या खाली गेली की मूळचं काँक्रीट दिसतं.

ठिपके मांडताना अंगणातले जॉइंट बघा. काँक्रीटला तडा तिथेच जावा म्हणून ते कापलेले असतात. नक्षीच्या मधोमध जॉइंट आला तर तो कायम दिसणार. ठिपक्यांची एक ओळ जॉइंटवर आणली तर तो नक्षीतच मिसळून जाईल.

प्रेषक: माई
रंगांचं ठरवा, पण माझं एक ऐका. आपल्याकडे रांगोळीवर पाय देत नाहीत. ती रोज पुसून रोज काढतात, आणि दाराच्या बाजूला काढतात. तुम्ही ती दगडात कोरून अगदी दारासमोर ठेवणार, मग लोक चपला घालून तिच्यावरूनच आत येणार. मला ते बघवणार नाही.

सासरी राजापूरला ओटीवर लाल कोबा होता. सिमेंटात लाल ऑक्साइड घालून गवंड्याने घोटलेला, कडेला काळी पट्टी. कडेला पट्टी, मधे मोकळं, बसायला-चालायला. रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायचा, वर्षानुवर्षं तेल आणि पाय लागून त्याला जी झळाळी आली होती ती कुठल्या डब्यात मिळत नाही. इथेही कडेनेच नक्षी कोरा, मधे साधा रंग ठेवा. सणाला मी स्वतः येऊन दाराशी पांढरी रांगोळी काढीन.

प्रेषक: रांगोळी गट
माई, तुमच्या भावनेचा मान आहे. पण इथे वाढलेल्या मुलांनी ठिपक्यांची रांगोळी पाहायची कुठे? वर्षातले बरेच महिने अंगण बर्फाखाली असतं. कोरलेली असली की निदान एप्रिलमध्ये तरी दिसेल.

प्रेषक: युवा गट
कोरण्याचे पैसे वाचवता येतील. आमच्यापैकी एकाकडे ग्राइंडर आहे, डायमंड ब्लेड भाड्याने मिळतं. एका वीकेंडचं काम आहे.

प्रेषक: नाना
नको. कोरडं काँक्रीट कापलं की सिलिकाची धूळ उडते, ती फुफ्फुसात कायमची बसते. ओशाची (अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याची) कामगारांसाठीची मर्यादा हवेच्या घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम आहे, एवढी धूळ डोळ्यांना दिसतही नाही. पाणी सोडून किंवा हेपा (अगदी बारीक धूळ अडवणारा) व्हॅक्यूम जोडूनच कापायचं, आणि ते सवयीच्या माणसाने. तुमचे हात स्टेनमधलं ॲसिड मारताना लागतील: बेकिंग सोड्याचं पाणी, घासणं, धुणं. ते धुवण वेट व्हॅकने (पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने) गोळा करायचं, रस्त्याच्या गटारात जाऊ द्यायचं नाही.

प्रेषक: ज्येष्ठ कट्टा
व्हीलचेअर अडणार नाही ना?

प्रेषक: नाना
खाच सहसा १/८ इंच किंवा त्याहून कमी असते. एडीएप्रमाणे (अपंगांच्या सोयीच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे) १/२ इंचापर्यंतची फट चालते. घसरण्याकडे जास्त लक्ष द्या: चकचकीत सीलर घेऊ नका, आणि पायवाटेवरच्या सीलरमध्ये बारीक ग्रिट (वाळूसारखी खरखरीत भुकटी) हवंच.

प्रेषक: मंडप समिती
आमचा प्रस्ताव. दारासमोरचे दोन चौकोन आहेत तसे राखाडीच राहू देत. सीलर तिथेच राहील, पणत्या तिथेच लागतील, घासायचा खर्च वाचेल. दोन्ही चौकोन जॉइंटने वेगळे आहेत, त्यामुळे कड स्वच्छ येईल. स्टेन आणि कोरीव काम त्यांच्या बाहेर.

प्रेषक: माई
मला मान्य. दाराशी मोकळं राहतं.

प्रेषक: रांगोळी गट
आम्हाला अजून नाही. प्रवेशावर रंगच नसेल तर एवढा खर्च कशासाठी? पण कडेची पट्टी तीन फूट रुंद मिळणार असेल तर आराखडा पुन्हा काढून बघतो. अँकरच्या जागा मोजून पाठवा.

प्रेषक: सभागृह समिती
ठेकेदाराला गुरुवारी दोन दर मागते: एक दोन्ही चौकोन घासून, एक ते सोडून. शनिवारी दहा वाजता झायलीनची चाचणी. हातमोजे लागतील, आसपास ठिणगी-सिगारेट नको. त्याच दिवशी बाकीच्या अंगणावर १८ इंचाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून ठेवू. १६ तासांनी खाली ओल दिसली तर तिथे ओल बाहेर पडू देणाराच सीलर घ्यावा लागेल. रविवारी सकाळी तो उचलायला कोण येईल? वेट व्हॅक कोणाकडे आहे तेही कळवा.