शेवट ठाऊक असला तरी

ऐतिहासिक कादंबरीत शेवट आधीच माहीत असतो, मग उत्कंठा कसली, हा मुद्दा मला काही पटत नाही. जोसेफिन टे यांची 'द डॉटर ऑफ टाइम' (१९५१) वाचून बघा. पाय मोडून इस्पितळात पडलेला इन्स्पेक्टर ग्रांट कंटाळून इंग्लंडचा पंधराव्या शतकातला राजा तिसरा रिचर्ड याचं चित्र न्याहाळत बसतो. ज्याने पुतण्यांचा जीव घेतला असं म्हणतात, त्याचा चेहरा असा? तेवढ्यावरून पठ्ठ्या साडेचारशेहून जास्त वर्षं जुनी केस उघडतो, तीही पलंगावरून न हलता! रिचर्ड निर्दोष होता, हा त्याचा निष्कर्ष सगळ्याच इतिहासकारांना मान्य आहे असं नाही. मलाही तो जरा रिचर्डधार्जिणाच वाटतो. पण अमुक हकिगत कुणी लिहिली, केव्हा लिहिली, हे तपासायची खोड मला तिथूनच लागली. २०१२ साली लेस्टरमध्ये पार्किंगच्या जागेखाली रिचर्डचा सांगाडा सापडला, तेव्हा पुस्तक परत काढलं. माझी प्रत जुनी, पिवळी पडलेली. आधीच्या कुणा वाचकाने समासात पेन्सिलने मोठं प्रश्नचिन्ह काढलंय आणि मग खोडलंय. त्याला नेमकं काय खटकलं आणि मग काय पटलं, ते मी अजून शोधतोय.