मदत हवी आहे: स्लीव्ह की बायपास? सोमवारी उत्तर द्यायचं आहे

पोतंभर
नमस्कार मंडळी. वजनाचं ऑपरेशन करायचं ठरलं आहे. करू की नको हा प्रश्न नाही, ते घरात भांडून झालं. मी यवतमाळकडचा, नागपुरात दोन डॉक्टर पाहिले. एक म्हणतात स्लीव्ह करा, म्हणजे जठर कापून लहान करायचं, लवकर आटपतं. दुसरे म्हणतात तुमच्यासाठी बायपासच, म्हणजे जठराच्या वरच्या भागाला थेट आतडं जोडायचं. दोघांचं ऐकून डोकं पिकलं. स्लीव्हवाल्यांकडे पुढच्या गुरुवारची तारीख मिळून राहिली आहे, सोमवारपर्यंत होकार द्यायचा आहे. मृग लागला की मला दुकानातून हलता येत नाही, म्हणून मे महिन्यातच उरकायचं आहे. ज्यांनी केलं त्यांनी एवढंच सांगा, स्लीव्ह की बायपास. घरगुती उपाय नकोत. वजन १२८.

तर्रीवाला
स्लीव्ह. डोळे मिटून. मी २०१९ मध्ये केलं, ४२ किलो उतरलं. तिसऱ्या दिवशी माझ्या पायाने घरी आलो. आतड्याला कोणाला हात लावू देऊ नका, एकदा आतडं कापलं की माणूस जन्मभर गोळ्यांवर.

ओटीतली_ताई
भाऊ, वजनावरून काय सांगणार? उंची किती, वय किती, शुगर-बीपी आहे का, रात्री घोरता का, जळजळ होते का, आधी पोटाचं काही ऑपरेशन झालं आहे का? मी चौदा वर्षं ऑपरेशन थिएटरात सिस्टर आहे. या दोन ऑपरेशनांत चांगलं-वाईट असं नसतं, कोणाचं पोट समोर आहे ते पाहावं लागतं.

पोतंभर
उंची ५ फूट ६. वय ४१. शुगर आहे, गोळी चालू आहे. ॲसिडिटी नाही. घोरतो म्हणे, मला तर ऐकू येत नाही. वजन दुकानातल्या खताच्या काट्यावर केलं आहे, चप्पल काढून. गावच्या दवाखान्यातला काटा १२० ला संपतो. आता सांगा.

पांदणरस्ता
दुकान म्हणजे कृषी केंद्र का? कोणत्या तालुक्यात? डीएपी खत आलं आहे का?

हिशेबी
बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साडेपंचेचाळीस निघतो. विमा असेल तर पॉलिसी काढून वाचा. वजनाचं ऑपरेशन वगळणारं जे कलम असतं त्यातच सूट लिहिलेली असते. बीएमआय ४० किंवा वर, अथवा ३५ च्या वर आणि सोबत आटोक्यात न येणारी शुगर, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास यापैकी काही. डॉक्टरांचा लेखी सल्ला लागतो. मात्र पॉलिसीची प्रतीक्षेची वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात. आधी मंजुरी घ्या, मग ॲडमिट व्हा. उलटं केलं की वर्षभर कागद फिरतात, मी भोगलं आहे.

पोतंभर
विमा नाही. पैसे तुरीचे ठेवले आहेत. प्रश्न विम्याचा नव्हता.

कोथरूडकर
२०२५ च्या मार्चपासून वजन कमी करणारं माउंजारो आपल्याकडे मिळतं. आठवड्याला एक इंजेक्शन. माझ्या साहेबांचं १९ किलो उतरलं. चाकू-सुरी कशाला मग?

ओटीतली_ताई
इंजेक्शन चांगलं आहे, नाही कोण म्हणतं? पण बंद केलं की भूक परत येते अन बहुतेकांचं वजनही. महिन्याच्या महिन्याला तो खर्च चालू ठेवता येतो का, हे साहेबांना विचारा, शेतकऱ्याला नको.

कोथरूडकर
मी शेतकऱ्याला कमी लेखलं असा अर्थ काढू नये.

सकाळची_पावलं
ऑपरेशन हा शॉर्टकट आहे. रोज पहाटे पाच किलोमीटर चाला, रात्री ज्वारीची अर्धी भाकर अन मुगाचं वरण. मी सहा महिन्यांत ९ किलो कमी केले.

पोतंभर
दादा, घरगुती उपाय नकोत असं वरच लिहिलं आहे. अन माझ्या गुडघ्यात गॅप आहे. दुकानाच्या पायऱ्या चार आहेत, तिसरीवर थांबावं लागते. परवा मामेभावाच्या लग्नात पंगतीला बसलो तर खुर्चीचा मागचा पाय हळूच वाकला. तुटली नाही, वाकली. वाढपी आला, काही बोलला नाही, दुसरी खुर्ची आणून पहिलीच्या आत घातली अन म्हणे बसा आता. सगळा मांडव पाहून राहिला होता. १२८ किलो काय असते ते ९ किलोवाल्याने सांगू नये.

सकाळची_पावलं
माफ करा. खरंच.

धामणगावची_सून
माझ्या जाऊबाईंनी २०२१ ला मिनी बायपास केला. महिन्याभरात शुगरच्या गोळ्या बंद. तुम्हाला शुगर आहे म्हणजे मिनीच. त्यात एकच जोड असतो, वेळ कमी लागतो. आठव्या महिन्यात पित्ताशयात खडे झाले ते काढावे लागले, अन केस मूठमूठ गेले, पण आले परत.

तर्रीवाला
बघा! खडे, केस, आणखी काय काय. मी म्हणूनच स्लीव्ह म्हणतो.

ओटीतली_ताई
खडे होणं अन केस जाणं स्लीव्हनंतरही असतं भाऊ, वजन भरभर उतरलं की होतं ते. तुमचे केस गेले नाहीत का?

तर्रीवाला
माझे आधीच गेले होते.

ओटीतली_ताई
पोतंभर, परत विचारते, ॲसिडिटी नाही म्हणता म्हणजे नक्की काय? झोपताना छातीत काही होतं का?

पोतंभर
नाही ना. रात्री जेवल्यावर इनो घेतो, ते तर आमच्याकडे घरोघरी घेतात. दोन उशा लागतात, एका उशीवर झोपलो तर आंबट पाणी नाकापर्यंत येते अन ठसका लागते. वांग्याची भाजी अन तिखट रस्सा झाला असला तर तीन उशा. बाकी काही नाही.

ओटीतली_ताई
भाऊ, हीच ॲसिडिटी. यालाच रिफ्लक्स म्हणतात. पोटाची दुर्बीण, एंडोस्कोपी केली का? रिपोर्टात काय लिहिलं आहे, जसंच्या तसं टाका.

पोतंभर
केली. पहिल्या डॉक्टरांनी पाहिला नाही, दुसऱ्यांनी पाहिला. "हायटस हर्निया ३ सेंमी, ग्रेड बी". पुढे बायोप्सीत जंतू सापडले म्हणून चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या, झाल्या.

ओटीतली_ताई
म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकला आहे अन आम्लाने अन्ननळी सोलली आहे. मग दुसरे डॉक्टर बायपास का म्हणतात ते कळलं. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग स्टेपलरने कापून बाहेर काढतात. उरते ती केळासारखी अरुंद नळी. तिच्यात दाब जास्त असतो, त्यामुळे ज्याला आधीच रिफ्लक्स आहे त्याचा वाढण्याची शक्यता मोठी. काढलेला भाग परत बसवता येत नाही. पुढे त्रास असह्य झाला तर स्लीव्हचा बायपास करावा लागतो, म्हणजे दोनदा भूल, दोनदा खर्च. बायपासमध्ये काही कापून फेकत नाहीत. वरचा साधारण ३० मिलीचा कप वेगळा करतात अन त्याला लहान आतडं जोडतात, खाली आणखी एक जोड. आम्ल वर यायची वाटच बंद होते म्हणा ना. शुगरलाही जास्त फायदा. मिनीत जठराची लांब नळी अन एकच जोड, पण पित्त वर येऊ शकतं, म्हणून हर्निया अन जळजळ असलेल्याला बरेच सर्जन दोन जोडवालाच सुचवतात.

धामणगावची_सून
जाऊबाईंना पित्त कधीच आलं नाही.

ओटीतली_ताई
त्यांना हर्नियाही नसेल ताई.

धामणगावची_सून
हो, ते विचारावं लागेल.

तर्रीवाला
प्रामाणिकपणे लिहितो. मीही रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची पॅन्टो घेतो, चार वर्षं झाली. त्याला मी त्रास धरत नव्हतो, गोळीच तर आहे. अन ४२ पैकी ११ परत आले. तरी मी पुन्हा स्लीव्हच करीन.

धामणगावची_सून
"आतडं कापलं की जन्मभर गोळ्यांवर" असं कोण म्हणालं होतं बापा?

तर्रीवाला
हसा.

पांदणरस्ता
डीएपीचं कोणी सांगेल का? आमच्याकडे सोबत दुसरं काही घेतल्याशिवाय देऊन नाही राहिले.

हिशेबी
लिंकिंगची तक्रार कृषी अधिकाऱ्याकडे करा. इथे माणसाचं पोट कापायचं चाललं आहे.

पोतंभर
म्हणजे बायपास. ठीक. पण त्याला अडीच तास अन पैसेही जास्त. सोमवारी बायपासवाल्यांना फोन करतो. धागा बंद केला तरी चालेल.

ओटीतली_ताई
थांबा. गुडघ्यासाठी काय घेता? तंबाखू?

पोतंभर
गुडघ्यासाठी मेडिकलवाल्याची लाल गोळी, डायक्लो काहीतरी, दिवसाला दोन. बिडी-सिगारेट नाही, दारू नाही. माळकरी आहे, अंडंही खात नाही.

तर्रीवाला
खर्रा?

तर्रीवाला
ओ पोतंभर, खर्रा?

पोतंभर
सुपारी-तंबाखू घोटलेला खर्रा कोण नाही खात आमच्या जिल्ह्यात? पाच-सहा होतात. गिऱ्हाईक आणून देते, नाही म्हणता येत नाही.

धामणगावची_सून
गळ्यात माळ अन खिशात खर्रा!

पोतंभर
टोमणे घरी मिळून राहिले आहेत, इथे नको.

ओटीतली_ताई
भाऊ, रागावू नका, पण हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं. बायपासच्या जोडावर अल्सर होतो, तो होण्याची मोठी कारणं दोन, तंबाखू अन या डायक्लोसारख्या वेदनाशामक गोळ्या. तो अल्सर रक्त सोडतो, कधी फुटतो. बायपासनंतर ती लाल गोळी बंद म्हणजे बंद, दुखलं तर पॅरासिटामॉल. म्हणजे तुमचं पोट स्लीव्हला नको म्हणते अन तुमचा गुडघा अन खिसा बायपासला. दोन्ही डॉक्टरांना या दोन गोष्टी सांगितल्या का?

पोतंभर
तंबाखू विचारली होती, मी नाही म्हटलं. खर्रा नाही विचारला.

तर्रीवाला
😂😂 खर्र्यात काय तुळस असते का?

ओटीतली_ताई
आणखी एक. गुरुवारी ऑपरेशन अन मे महिना. नंतर पहिले दोन आठवडे नुसतं पातळ. पाणी गटागटा पिता येत नाही, घोट-घोट करून दिवसाला दीड-दोन लिटर भरवावं लागतं. यवतमाळचं ऊन ४५ ला अन गावात लाइन जाते. उन्हाळ्यात पाणी कमी पडून परत भरती झालेले मी पाहिले आहेत. दहाव्या दिवशी तुम्ही दुकानात बसाल, मला माहीत आहे. झोपेत श्वास अडकतो का याची तपासणी आधी करून घ्या, घरच्यांना विचारा मध्येच घोरणं थांबून दचकता का. अन सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली नसेल तर भुलीआधी करा, आपल्याकडे ती चुकवू नये.

पोतंभर
बायकोला विचारलं. म्हणते घोरणं थांबलं की ती उठून हलवून पाहते, रोज. मला बारा वर्षांत सांगितलं नाही. म्हणे सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का?

धामणगावची_सून
वहिनींना एक नमस्कार सांगा आमचा.

कोथरूडकर
शाकाहारी असाल तर प्रोटीनचं काय? ऑपरेशननंतर दिवसाला ६० ग्रॅम तरी लागतं म्हणतात.

धामणगावची_सून
हे बरं विचारलं. जाऊबाई सकाळी पनीरचा चुरा, दुपारी मुगाचं घट्ट वरण, संध्याकाळी प्रोटीनची पावडर ताकात. आधी प्रोटीन, मग भाजी, भाकर शेवटी अन तीही नखाएवढी. गोड खाल्लं की घाम सुटतो, छाती धडधडते, लोळावं लागतं. संक्रांतीला एक तिळाचा लाडू खाऊन अर्धा तास पडून होत्या. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर. गेल्या वर्षी लोह सोडलं तर हिमोग्लोबिन ८ वर.

पोतंभर
आयुष्यभर म्हणजे सालभर की खरंच आयुष्यभर?

ओटीतली_ताई
खरंच. अन वर्षाला रक्ततपासणी. स्लीव्हलाही लागतातच, बायपासला सोडून चालतच नाही.

पोतंभर (मंगळवार)
काल बायपासवाल्या डॉक्टरांना फोन केला. खर्रा अन लाल गोळी दोन्ही सांगितलं. पाच मिनिटं बोलले नाहीत असं वाटलं, दहा सेकंद असतील. मग म्हणाले ऑपरेशन तेच, पण आधी खर्रा पूर्ण बंद, मी सांगितल्यावर नाही, तपासून पाहीन. गुडघ्यासाठी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, झोपेची तपासणी करा, ऑपरेशनआधी दोन आठवडे लिव्हर लहान करायचं पथ्य. मी म्हटलं मृग. ते म्हणाले मृग दरवर्षी येतो. पोळ्यानंतरची तारीख देतो म्हणाले. स्लीव्हवाल्यांना अजून काही कळवलं नाही. त्यांच्या माणसाचे सहा मिसकॉल आहेत, गुरुवारची जागा धरून ठेवली म्हणे.

आज खर्र्याचा दुसरा दिवस. गिऱ्हाईकाने पुडी पुढे केली, मी काउंटरखाली टाकली. अजून तिथंच आहे. सकाळपासून दोन पोरांवर अन एका सेल्समनवर ओरडलो.

ओटीतली_ताई
पुडी तिथून उचलून बाहेर फेका. आत्ता. मग उत्तर लिहा.

पोतंभर
फेकली. बकरीने हुंगली अन सोडून दिली.

तर्रीवाला
बकरीला कळते. पोळ्याला मी येतो तिकडे, सोबत नागपूरला जाऊ. माझ्याही पॅन्टोचं त्यांना विचारायचं आहे.

पांदणरस्ता
काउंटरवरच आहात तर सांगा ना, डीएपी?

पोतंभर
आली आहे. १३५० ला पोतं, सोबत काही घ्यावं लागणार नाही. आधार कार्ड घेऊन या. अन येताना खर्रा आणू नका.