पल्प विज्ञानकथांची शीर्षकं भडक होती, मग बिघडलं काय?

खडूफळा:
दोन महिने रोज रात्री जुन्या अमेरिकन विज्ञानकथा मासिकांचे स्कॅन वाचतोय. गोष्टी सगळ्या वाचवत नाहीत. खरं सांगायचं तर निम्म्या तिसऱ्या पानावर सोडतो. अनुक्रमणिका मात्र शेवटपर्यंत वाचतो, चवीनं. परवा यावरून एका मित्राशी चांगलंच वाजलं. त्याचं म्हणणं, विज्ञानकथेला सवंगपणाचा जो डाग लागला तो या मासिकांतल्या शीर्षकांमुळे. ‘क्वीन ऑफ द मार्शियन कॅटकोम्ब्ज’, म्हणजे मंगळावरच्या भुयारी थडग्यांची राणी, असलं नाव वाचून कोण शहाणा माणूस पान उलटेल? मी उलटेन. आणि मला तो डाग वाटतच नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: पल्प म्हणजे लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त, खरबरीत कागदावर छापलेली गोष्टींची मासिकं. फक्त विज्ञानकथांना वाहिलेलं इंग्रजीतलं पहिलं मासिक ‘अमेझिंग स्टोरीज’ ह्यूगो गर्न्सबॅकनं एप्रिल १९२६ मध्ये न्यूयॉर्कहून काढलं. किंमत २५ सेंट. त्या अंकाचं मुखपृष्ठ बघा. फ्रँक पॉलनं काढलेला भलामोठा शनी, खाली बर्फावर स्केटिंग करणारी माणसं, आणि नावं तीन: वेल्स, व्हर्न, पो. कथांची नव्हे, लेखकांची. अख्खा अंकच पुनर्मुद्रणांचा होता, त्यामुळे लेखकाच्या नावावर खपण्यासारखा होता.

पुढे नवे लोक लिहायला लागले. ते कोण? ई. ई. स्मिथ, डोनटच्या पिठावर काम करणारा रसायनतज्ज्ञ. डेव्हिड केलर, मनोविकारतज्ज्ञ. जॅक विल्यमसन, न्यू मेक्सिकोच्या ओसाडीत राहणारा वीस वर्षांचा पोरगा. यांच्या नावावर कोण २५ सेंट टाकणार? मग ओरडायचं काम शीर्षकानं केलं. मंडईत भाजीवाला ओरडतो म्हणून त्याची मेथी शिळी ठरत नाही. बोला.

मुद्रितशोधक:
मेथीची उपमा गोड आहे, पण गाडी चुकलीय. भाजीवाला स्वतःच्या मालासाठी ओरडतो. इथे ओरडणारा संपादक होता आणि लेखक मागे कपाळावर हात मारून बसलेला.

विज्ञानकथाकार आयझॅक असिमॉव्हचंच घ्या. एकोणीस वर्षांच्या पोरानं १९३९ मध्ये एका लहान मुलीची आणि तिला सांभाळणाऱ्या यंत्रमानवाची गोष्ट लिहिली आणि तिला त्या यंत्राचं नाव दिलं, ‘रॉबी’. बास. घरातल्या कुत्र्याला हाक मारावी तसं. संपादक फ्रेडरिक पोलनं सप्टेंबर १९४०च्या ‘सुपर सायन्स स्टोरीज’मध्ये ती छापली ‘स्ट्रेंज प्लेफेलो’ म्हणून. विचित्र खेळगडी! अहो, गोष्टीचा सगळा मुद्दाच हा की त्या मुलीला तो विचित्र वाटत नाही. विचित्र वाटतो तो तिच्या आईला. म्हणजे संपादकानं शीर्षकातच आईची बाजू घेऊन टाकली. १९५०च्या पुस्तकात असिमॉव्हनं ‘रॉबी’ परत आणलं तेव्हा कुठे गोष्ट सरळ झाली.

त्याच्याच ‘पिलग्रिमेज’चं, म्हणजे यात्रेचं, ‘प्लॅनेट स्टोरीज’नं १९४२ मध्ये काय केलं? ‘ब्लॅक फ्रायर ऑफ द फ्लेम’. ज्वाळेचा काळा संन्यासी. यात्रेला निघालेला माणूस थेट होळीत. तुमच्या त्या ‘अमुकचा तमुक’ साच्यात काहीही कोंबता येतं, हाच त्याचा दोष. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

खडूफळा:
‘विचित्र खेळगडी’बद्दल शंभर टक्के सहमत, तो मुद्दा मला सुचला नव्हता. पण ज्या १९५०च्या पुस्तकाचा तुम्ही दाखला दिलात त्याचं नाव काय हो? ‘आय, रोबॉट’. असिमॉव्हला हवं होतं ‘माइंड अँड आयर्न’, मन आणि लोखंड. प्रकाशकानं ‘आय, रोबॉट’ ठेवलं. आणि ते आलं कुठून? जानेवारी १९३९च्या ‘अमेझिंग’मध्ये इयांडो बाइंडर या टोपणनावानं आलेल्या कथेचं ते नाव! असिमॉव्हनं प्रकाशकाला तसं सांगितलंही होतं, त्यानं ऐकलं नाही. आता ‘मन आणि लोखंड’ हे नाव डोळ्यांसमोर आणा. कारखान्याच्या कामगार कल्याण केंद्राच्या त्रैमासिकाला शोभेल. जगभर ज्या नावानं असिमॉव्ह ओळखला जातो, ते पल्पच्या रद्दीतूनच उचललेलं आहे.

ठाणेकरीण:
मी दोघांच्याही विरोधात. भडक असणं हा गुन्हा नाही. गुन्हा आहे शीर्षकानं गोष्ट फोडणं.

उदाहरण देते. पुढे रहस्यभेद आहे, ज्यांना ली ब्रॅकेट ही लेखिका वाचायची आहे त्यांनी हा प्रतिसाद ओलांडा. मार्च १९५१च्या ‘प्लॅनेट स्टोरीज’मध्ये तिची ‘ब्लॅक अमेझॉन ऑफ मार्स’ आहे. मंगळावरची काळी रणरागिणी म्हणू. गोष्टीत काळं चिलखत घातलेला, चेहऱ्यावर मुखवटा असलेला, कुऱ्हाड चालवणारा एक टोळीप्रमुख येतो. सगळे त्याला पुरुष समजतात, नायकही. ऐन लढाईत मुखवटा निघतो आणि ती बाई असते. ब्रॅकेटनं तो क्षण किती पानं जपून आणलाय! आणि वाचकाला मात्र ते पहिल्याच पानावरच्या ठळक टाइपातून कळलेलं. हे म्हणजे पंगतीत जिलबीचं ताट आधी फिरवून मग ‘आज गोड काय असेल, ओळखा’ म्हणणं.

१९६४ मध्ये तिचं पुस्तक झालं तेव्हा नाव बदलून ‘पीपल ऑफ द टॅलिझमन’ केलं. त्या भुयारी राणीचं (तीही हिचीच गोष्ट) झालं ‘द सीक्रेट ऑफ सिनहारात’. ही नावं मला मिळमिळीत वाटतात, कबूल. पण निदान चुगली करत नाहीत.

भुईनळा:
आधी एक किरकोळ दुरुस्ती, सवय जात नाही. १९२६चं ‘अमेझिंग’ आकारानं पल्प नव्हतं. चांगलं मोठं, जाड कागदाचं होतं. पल्पच्या नेहमीच्या आकारात ते १९३३ मध्ये आलं. सगळ्यांना एका गोणीत भरू नका.

आता मूळ मुद्दा. खडूफळा, ‘लेखक अनोळखी म्हणून शीर्षक भडक’ ही तुमची उपपत्ती ऐकायला छान आहे, पण पुराव्यापुढे टिकत नाही. गर्न्सबॅकनं डिसेंबर १९२६च्या अंकावर एक चित्र छापलं: एका गोल यानाखाली लटकलेली आगबोट आणि ते बघणारे विचित्र लोक. या चित्रावरून गोष्ट लिहा, एकूण ५०० डॉलर बक्षिसं. भाग घेणारे कोण? तुम्ही म्हणता तसे, कोणी न ओळखणारे. यांनी तर ओरडायलाच हवं होतं ना? जिंकलेल्या कथांची नावं बघा. पहिली ‘द व्हिजिटेशन’, दुसरी ‘द इलेक्ट्रॉनिक वॉल’, तिसरी क्लेअर विंगर हॅरिसची ‘द फेट ऑफ द पोसायडोनिया’. पोसायडोनिया हे बोटीचं नाव. म्हणजे ‘अमुक बोटीचं काय झालं’. वर्तमानपत्रातल्या बातमीइतकं शांत. (ही हॅरिसबाई तिसरी आली आणि एका बाईनं बक्षीस मिळवलं याचंच गर्न्सबॅकना आश्चर्य. ते त्यांनी छापूनही टाकलं!)

आणि मार्च १९३०च्या ‘अमेझिंग’मधली माइल्स ब्रुअरची कथा: ‘द गॉस्टॅक अँड द डॉशेस’. यातल्या दोन्ही नामांना अर्थच नाही. एका निरर्थक वाक्यासाठी माणसं युद्धाला उभी राहतात अशी ती गोष्ट आहे. हे नाव मासिकानं तसंच्या तसं छापलं. सांगा, हे कुठल्या भाजीवाल्याचं ओरडणं?

माझं मत, भडकपणा आला तो स्टॉलवर गर्दी झाल्यावर. १९२६ मध्ये गर्न्सबॅक एकटा होता. १९३९-४० पर्यंत शेजारी शेजारी ‘अमेझिंग’, ‘अस्टाउंडिंग’, ‘अस्टॉनिशिंग’, ‘स्टार्टलिंग’, ‘थ्रिलिंग वंडर’. मासिकांच्या नावांतच विशेषणं संपली, तर आतल्या गोष्टींनी काय करावं?

उल्कापात:
भुईनळा +१. विशेषणं संपली 😂

गप्प_बसा:
अवांतर. केलरची फेब्रुवारी १९२८ची कथा: ‘द रिव्होल्ट ऑफ द पेडेस्ट्रियन्स’. पादचाऱ्यांचं बंड. गाड्यांतून उतरायचंच विसरल्यामुळे पाय गळून गेलेली माणसं राज्य करतात आणि पायी चालणं हा गुन्हा. कर्वे रोड ओलांडायला रोज सात मिनिटं उभा राहणारा इसम म्हणून सांगतो, यापेक्षा चांगलं शीर्षक झालेलं नाही, होणार नाही. चर्चा चालू द्या.

मुद्रितशोधक:
भुईनळांचा मुद्दा मला सोयीचा आहे, तेव्हा घेतो. भडकपणा ही विज्ञानकथेची प्रकृती नव्हती, बाजाराची लागण होती. आणि त्यातून बाहेर कसं पडायचं हे एकाच माणसात दिसतं. जॉन कॅम्पबेल. स्वतःच्या नावानं लिहायचा तेव्हा ‘इनव्हेडर्स फ्रॉम द इन्फिनिट’, अनंतातून आलेले आक्रमक. नोव्हेंबर १९३४ मध्ये बायकोच्या माहेरच्या नावावरून डॉन ए. स्टुअर्ट हे टोपणनाव घेतलं आणि कथेचं नाव ठेवलं ‘ट्वायलाइट’. संधिप्रकाश. एक शब्द. मग ‘नाइट’. माणूस तोच, पण शीर्षकाचा आवाज खाली आणल्याबरोबर गोष्टीचाही सूर बदलला. पुढे ‘अस्टाउंडिंग’चा संपादक झाल्यावर १९३८ मध्ये त्यानं मासिकाच्या नावातलं ‘स्टोरीज’ काढून ‘सायन्स-फिक्शन’ केलं. ‘अस्टाउंडिंग’ या शब्दाचीही त्याला लाज वाटायची. तो जायला मात्र १९६० उजाडलं, तेव्हा ‘अॅनालॉग’ झालं.

खडूफळा:
थांबा, कॅम्पबेलचं उदाहरण तुम्ही अर्धंच दिलंत. याच स्टुअर्टची सगळ्यांत गाजलेली गोष्ट ऑगस्ट १९३८ची ‘हू गोज देअर?’. अंटार्क्टिकावर बर्फात गाडलेलं काहीतरी सापडतं आणि ते कुणाचंही रूप घेऊ शकतं, ती. पहारेकरी अंधारात विचारतो तसं शीर्षक: कोण आहे तिकडे? अप्रतिम, वादच नाही. पण हार्वर्डला ठेवलेल्या त्याच्या कागदपत्रांत याच गोष्टीचा लांबलचक खर्डा अलीकडे सापडला, २०१९ मध्ये छापूनही आला. त्याचं नाव ‘फ्रोझन हेल’. गोठलेला नरक! म्हणजे संधिप्रकाशवाले सभ्य लेखक घरी बसून नरकच लिहीत होते, आणि नेमकं शीर्षक दिसलं ते मासिकाच्या पानावर. मुद्रितशोधक, तुमच्या ‘बिचारा लेखक, दुष्ट मासिक’ या मांडणीत हे कुठे बसवायचं?

आणि सिनेमावाल्यांनी काय केलं? १९५१ मध्ये नाव दिलं ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’. दुसऱ्या जगातली वस्तू. आता ‘अमेझिंग’चा तो पहिला अंक पुन्हा उघडा. त्यात जॉर्ज अॅलन इंग्लंडची कथा आहे: ‘द थिंग फ्रॉम—“आउटसाइड”’. मधे आडवी रेघ, आणि ‘आउटसाइड’ला अवतरणचिन्हं. ती चिन्हं मी अर्धा तास बघत होतो. ‘बाहेरून’ म्हणजे कुठून, हे सांगायची लेखकाला भीती वाटतेय, म्हणून तो रेघेपाशी थबकतो आणि शब्दाला चिमट्यात धरतो. पंचवीस वर्षांनी हॉलिवूडनं रेघ खोडून ‘अनदर वर्ल्ड’ असा पत्ता लिहिला. यातलं भडक कुठलं?

ठाणेकरीण:
रेघेवर अर्धा तास! तुम्हाला घरचे काही बोलत नाहीत का? (पण मुद्दा पटला.)

उल्कापात:
मग माझाही एक चिन्हाचा दाखला. ब्रॅडबरीची ‘मार्स इज हेवन!’, ‘प्लॅनेट स्टोरीज’, १९४८. शेवटी उद्गारचिन्ह. रहस्यभेद: मंगळावर उतरलेल्यांना तिथे आपलं जुनं गाव आणि मेलेले आईबाप भेटतात, आणि ते सगळं सापळा असतं. पुस्तकात याचं झालं ‘द थर्ड एक्स्पिडिशन’. तिसरी मोहीम. सरकारी फाइल. जुन्या नावातलं उद्गारचिन्ह त्या फसलेल्या माणसांच्या तोंडचं होतं. वाचकही त्यांच्याबरोबर हसत हसत आत जातो. हे शीर्षक गोष्ट फोडत नाही ठाणेकरीण ताई, थाप मारते. पुस्तकातून ते काढलं आणि सापळ्याचं दारच काढून टाकलं.

भुईनळा:
हे मात्र जबरदस्त.

आता स्पर्धेचाच विषय आहे तर आपल्याकडचं एक. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला जयंत विष्णू नारळीकरांनी आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं. जगताप तर पूर्ण अनोळखी! शीर्षक काय? ‘कृष्णविवर’. ओरडणं शून्य. आणि पुढची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ घ्या. घराघरात बोलले जाणारे शब्द, पण डावं-उजवं उलटण्याचं सगळं विज्ञान त्या एका ‘उजव्या’त दडलेलं. गोष्ट वाचून झाल्यावर शीर्षक पुन्हा वाचावं लागतं.

मुद्रितशोधक:
‘फ्रोझन हेल’ला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून काल गप्प होतो. पण एका लेखकाचं खर्ड्यावरचं नाव आणि दर महिन्याला संपादकानं केलेली कापाकापी यांत फरक आहे, एवढं धरून ठेवतो. ‘मार्स इज हेवन!’ मात्र तुमच्याकडे गेलं. ते उद्गारचिन्ह मी आजवर फुकटचं समजत होतो.

खडूफळा:
‘ब्लॅक अमेझॉन’ मी सोडलं. ठाणेकरीण ताई, काल रात्री ती गोष्ट वाचायला घेतली. मुखवट्याच्या पानापर्यंत आलो आणि काहीच झालं नाही. तुमचा प्रतिसाद ओलांडायला हवा होता.

ठाणेकरीण:
माझ्या प्रतिसादाला कशाला नावं ठेवता? शीर्षक वाचूनच उघडलीत ना!