मदत हवी आहे: आजोबांच्या गोव्यातील जन्मनोंदीवरून पोर्तुगीज नागरिकत्व

नमस्कार. माझे दिवंगत आजोबा गोव्यात 1934 साली, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत जन्मले. 19 डिसेंबर 1961 पूर्वी तेथे जन्मलेल्यांच्या मुलांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो, म्हणून 1965 साली मुंबईत जन्मलेल्या माझ्या आईसाठी आम्ही कागदपत्रे जमवत आहोत.

अडचण नावाची आहे. आजोबांच्या हस्तलिखित पोर्तुगीज जन्मनोंदीत आडनाव ‘कामोतिम’ असे आहे, तर आईच्या जन्मदाखल्यात वडिलांचे आडनाव ‘कामत’ लिहिले आहे. त्या पिवळ्या पडलेल्या पानावर पणजोबांची सही मात्र स्पष्ट मोडीत आहे, आणि ती पाहून आईचे डोळे भरून आले. लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात अर्ज करण्यापूर्वी आईचा दाखला दुरुस्त करून घ्यावा लागतो, की दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र पुरते?

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही आणि 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 नुसार परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्यास भारतीय नागरिकत्व संपते. तेव्हा आईचा भारतीय पासपोर्ट नेमका कोणत्या टप्प्यावर परत करावा, हे या प्रक्रियेतून गेलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.