मदत हवी आहे: कारखान्यात बांधलेल्या घराचा मधला सांधा उघडत आहे, भिंत कापावी का?

नमस्कार.

अमेरिकेत आम्ही अलीकडेच एक जुने ‘डबलवाइड’ घर विकत घेतले. 1998 साली कारखान्यात दोन भागांत बांधून, रस्त्याने आणून जागेवर जोडलेले हे घर आहे. थंडी सुरू झाल्यापासून दिवाणखान्याच्या छतावर, दोन भाग जिथे जुळतात त्या सांध्यावर, एक लांब भेग दिसू लागली असून तिच्यात पोस्टकार्डाची कड सहज शिरते. त्याच रांगेतील शयनगृहाचा दरवाजाही चौकटीत अडकतो. त्यातच स्वयंपाकघराकडे जाणारी मधल्या भिंतीतील सहा फुटी मोकळी जागा दहा फूट करावी, असा घरच्यांचा आग्रह आहे. ओळखीच्या एका सुताराने भिंत दुपारभरात कापून देतो असे सांगितले आणि त्याच्या त्या सहजपणामुळेच मी सावध झालो.

मी स्थापत्य अभियंता नाही, त्यामुळे माझी समज कुठे चुकते ते कळावे म्हणून ती आधी मांडतो. संघराज्य शासनाच्या गृहनिर्माण खात्याची, बोलीत ‘हड कोड’ म्हणून ओळखली जाणारी संहिता 15 जून 1976 पासून लागू आहे आणि त्यानंतरची अशी सर्व घरे तिच्यानुसार, कायमस्वरूपी पोलादी चासीवरच (खालच्या सांगाड्यावर) बांधली जातात. चाके, आस आणि ओढण्याचा दांडा काढता येतो, पण चासी घराचा भागच राहते. आमच्या घराच्या प्रत्येक भागाच्या मागच्या टोकाला तीन अक्षरे व सहा अंक असलेली लाल पट्टी आहे. स्वयंपाकघरातील कपाटाच्या आत चिकटवलेल्या कागदावर घर कोणत्या वारा विभागासाठी (किती जोराच्या वाऱ्याच्या प्रदेशासाठी) आणि छतावरील किती भारासाठी बांधले आहे, ते लिहिले आहे. (हा कागद मागील मालकांनी रंगवून टाकला नाही, हे आमचे नशीब.)

बांधणीचा क्रम मला उलटाच वाटला. चासीवर लाकडी वाशांची जमीन तयार होते. तिच्या पोटात पाण्याचे नळ, हवेच्या नळ्या आणि इन्सुलेशन बसवून खालून काळे कापड ताणले जाते. भिंती आडव्या टेबलांवर तयार होतात आणि त्यांना आतील जिप्सम बोर्ड आधी लागतो. भिंत उभी केल्यावर वायरी आणि इन्सुलेशन बाहेरच्या बाजूने भरतात व बाहेरचे आवरण सर्वांत शेवटी चढते. छतही वेगळ्या साच्यावर, कैच्यांना (छत पेलणाऱ्या लाकडी चौकटींना) छताचा बोर्ड फोमसारख्या गोंदाने चिकटवून तयार होते आणि क्रेनने भिंतींवर ठेवले जाते.

प्रश्न दोनच आहेत. सांध्यावरील भेग नुसती बुजवावी, की तिचे मूळ अन्यत्र आहे? आणि मधली भिंत भार घेते का? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

प्रतिसाद:

बांधणीचा क्रम आपण बरोबर समजून घेतला आहे. गोंदाबद्दल एवढेच सांगतो की, घर महामार्गावरून ओढून नेताना जे हिसके बसतात ते नुसत्या खिळ्यांनी सोसवत नाहीत. बोर्ड आणि लाकूड गोंदाने एकजीव झाले की भिंत एका ताठ फळीसारखी वागते. म्हणूनच अशा घरात बोर्ड ‘सजावटीचा’ समजून काढू नये. चौकटीच्या ताठपणात त्याचाही वाटा असतो.

आता मधली भिंत. प्रत्यक्षात त्या पाठीला पाठ लावलेल्या दोन भिंती आहेत, प्रत्येक भागाची एक. प्रत्येक भागाच्या कैच्या अर्ध्या असतात. त्यांचे एक टोक बाहेरच्या भिंतीवर आणि दुसरे मधल्या भिंतीवर टेकते. जिथे भिंत तोडून मोकळी जागा ठेवली आहे, तिथे वर असलेले आढे (आडवी तुळई) तो भार उचलते, मोकळ्या जागेच्या दोन्ही कडांच्या खांबांवर सोडते आणि तो तिथून सरळ खाली जातो. चासीचे आय-बीम (लांब पोलादी तुळया) सांध्याच्या बरेच आत असतात, त्यामुळे सांध्याला त्यांचा थेट आधार नसतो. म्हणून 48 इंच किंवा त्याहून रुंद मोकळ्या जागेच्या दोन्ही टोकांखाली सांध्याच्या रेषेत स्वतंत्र ठोकळ्यांचे आधार द्यावे लागतात. आपली जागा दहा फूट केली, तर आढे अपुरे पडेल आणि खालचे आधार चुकीच्या ठिकाणी राहतील. सुताराला कृपया नाही म्हणावे. करायचेच असेल, तर चासीच्या सर्वांत पुढच्या आडव्या पोलादी पट्टीवर कोरलेला अनुक्रमांक उत्पादकाला कळवून आराखडे मागवावेत आणि परवानाधारक अभियंत्याकडून नवे आढे व आधार ठरवून घ्यावेत.

भेग मात्र आताच बुजवू नये. भेग आणि अडकणारा दरवाजा एकाच रेषेत असणे, हे आधार खचल्याचे नेहमीचे लक्षण आहे. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने सांध्याच्या रेषेतील प्रत्येक आधाराची पातळी मोजावी. घराखाली जाताना मातीवर प्लास्टिकचे आच्छादन आहे का, हेही पाहावे. ते नसेल तर मातीतील ओल वर येते आणि लाकूड फुगते.

धागालेखक:

मनःपूर्वक आभार. काल विजेरी घेऊन खाली उतरलो. मोकळ्या जागेच्या डाव्या कडेखालच्या आधारावरील लाकडी पाचर हाताने हलवता आली. नळीने मोजल्यावर तो आधार उजव्या आधारापेक्षा पाऊण इंच खाली निघाला. प्लास्टिक तिथेच फाटलेले असून माती ओली आहे, कारण वरच्या गच्चीवजा पायरीचे पाणी तिथे मुरते. घर समपातळीत आणणाऱ्या परवानाधारक कारागिराला पुढील आठवड्यात बोलावले आहे, आणि पाणी वळवण्यासाठी चर आजच खणायला घेतला आहे. भिंतीचा विषय तूर्त बंद.

एक शंका उरली: आधार उचलताना एकाच जागी जॅक लावून पाऊण इंच एकदम उचलावे, की थोडे थोडे करून काही दिवस जाऊ द्यावेत?

प्रतिसाद:

थोडे थोडे, आणि शेजारच्या आधारांवर लक्ष ठेवून. एकदम उचलल्यास गोंदाने धरलेला बोर्ड नव्या जागी फुटतो. जॅक चासीच्या किंवा घराच्या लाकडी जमिनीच्या भक्कम कडेखालीच, रुंद फळी देऊन लावावा. काळ्या कापडाखालच्या मोकळ्या भागाला तो लागता कामा नये. घर नुसत्या जॅकवर असताना कोणीही खाली शिरू नये. दरवाजा मोकळा फिरू लागला की थांबावे, पुन्हा पातळी मोजावी, आणि मगच छतावरील भेगेकडे वळावे.